उचंत खाते

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला दरसाल तीन नववर्षे येतात. १ जानेवारीला तो जगाबरोबर जागतो, पाडव्याला घरच्यांबरोबर कडुनिंब खातो आणि ३१ मार्चच्या रात्री शाखेत बसून ही दोन्ही कामे एकदम उरकतो. यांतले खरे नववर्ष तिसरे. पहिल्या दोन दिवशी माणूस नुसते संकल्प सोडतो. तिसऱ्या दिवशी त्याला हिशेब द्यावा लागतो.

पूर्वी बँकांचे वर्षही डिसेंबरअखेर संपत असे. १९८९ साली ते मार्चअखेरवर आणले, आणि सांधा जुळवण्यासाठी मधले एक वर्ष चक्क पंधरा महिन्यांचे धरले. १ जानेवारी १९८८ ते ३१ मार्च १९८९! मी तेव्हा प्राथमिक शाळेत पाढे पाठ करीत होतो. पण नोकरीला लागल्यावर जुन्या लोकांकडून ही हकिगत ऐकली तेव्हापासून मला मोठा धीर आला आहे. मनावर घेतले तर वर्ष लांबवता येते! माझी एक कादंबरी गेली अकरा वर्षे 'येत्या वर्षात' पूर्ण होणार आहे. तिला असे एखादे सरकारमान्य पंधरामाही वर्ष मिळाले असते, तर ती एव्हाना निदान दुसऱ्या प्रकरणापर्यंत आली असती.

तर यंदा ३१ मार्चला रात्री पावणेअकराला घरी पोचलो. जेवण झाकून ठेवलेले होते, घर झोपलेले होते आणि माझ्या डोक्यात आकडे फिरतच होते. गिरणी बंद केली तरी पट्टा थोडा वेळ फिरत राहतो, तसे. मी बी. कॉम. आहे. बी. कॉम. माणसाला तत्त्वज्ञान सुचले तरी ते दोन रकान्यांत सुचते. मुलीच्या वहीतला एक कोरा कागद फाडला, मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे 'नावे' लिहिले, उजवीकडे 'जमा', आणि सरलेल्या वर्षाचा, म्हणजे माझ्या स्वतःच्या वर्षाचा, ताळेबंद मांडायला बसलो. खाती तीन उघडली. प्रकृती, कुटुंब आणि साहित्य.

प्रकृतीचे खाते लवकर आटोपले. कॉलेजात आम्हाला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एकीत यंत्राच्या किमतीतून दरसाल सारखी रक्कम वजा होते. दुसरीत जी किंमत उरली असेल तिच्यावर टक्केवारी लागते, आणि तिच्यात कितीही वर्षे गेली तरी किंमत शून्यावर येत नाही. मी अर्थात दुसरी धरली. रक्तदाबाची गोळी वीसवरून चाळीसवर गेली. साखर, डॉक्टरांच्या शब्दांत, 'काठावर' आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या गेल्या वर्षी दोनदा थांबून चढत होतो, यंदा तीनदा थांबतो. पण थांबण्याच्या ठिकाणी आता चार ओळखी झाल्या आहेत, ही जमेची बाजू. एका दाढेचे रूट कॅनाल करून तिच्यावर टोपी बसवली. हा खर्च महसुली धरायचा की भांडवली, यावर बराच विचार केला आणि शेवटी टोपी मालमत्तेत दाखवली.

कुटुंबाच्या खात्यात कन्येचे दहावीचे ८८ टक्के. पुण्याबाहेर ही रक्कम सरळ जमेला धरतात. आमच्या सोसायटीत ९६ टक्क्यांची दोन मुले असल्यामुळे आम्हाला आठ टक्के तूट दाखवावी लागली. त्याखाली एक ओळ लिहिली : 'आईचे आजारपण – निभावले.'

आणि साहित्य! लेख चार; पैकी तीन दिवाळी अंकांत छापून आले, एक साभार परत. 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून मराठी विनोदी लेखक भर पावसाळ्यात दिवाळीचे लिहितो. बाहेर पागोळ्या गळताहेत, घरात दोरीवर कपडे वाळत नाहीत, आणि हा चकलीवर कोटी शोधतो आहे. यंदा माझा 'खुब्याचे हाड आणि आम्ही' हा लेख गाजला. गाजला म्हणजे सात जणांनी फोन केला, आणि त्यांतले चार नात्यातले नव्हते. मानधन पंधराशे.

बेरजा मारल्या. थोडासा नफा निघत होता. ताळेबंद जुळला की झोप उत्तम लागते. कागद टेबलावर ठेवला आणि झोपलो.

सकाळी उठून पाहतो तो कागदाचे ऑडिट होऊन गेलेले!

आमच्या सौभाग्यवतीने मुलीच्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात, समासात तीनच शेरे मारले होते. 'प्रकृती'पुढे : 'गोळ्यांची आठवण – रोज.' 'लेख चार'पुढे : 'सुट्ट्या ४१.' म्हणजे दुसरे-चौथे शनिवार आणि रविवार धरून मी खोलीचे दार लावून किती दिवस बसलो, तो आकडा. आणि 'आईचे आजारपण – निभावले' याच्यापुढे एकच शब्द होता : 'कोणी?'

कर्ता लपवायला मराठीसारखी भाषा नाही. निभावले. झाले. केले गेले. आमच्या बँकेतली निम्मी पत्रे याच प्रयोगात लिहिलेली असतात. 'नजरचुकीने राहून गेले' या वाक्यात नजर कोणाची आणि चूक कोणाची, हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. 'निभावले' लिहिताना मी काही खोटे लिहिले नव्हते. आईला खाटेवर उठवून बसवणे, रात्री दोनदा उठणे, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत चालवणे, फिजिओथेरपीच्या बाईंशी वेळा ठरवणे, हे सगळे निभावले होतेच. फक्त वाचणाऱ्याचा समज व्हावा की कर्ता मी.

'मी भांडत नाहीये हं,' ही चहा ठेवता ठेवता म्हणाली. 'तुम्हीच नेहमी सांगता ना, एका बाजूला मांडलं की दुसऱ्या बाजूला मांडावंच लागतं म्हणून? तुमची दुसरी बाजू कोरी राहिली होती. मी भरली.'

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात सविस्तर प्रथम मांडली लुका पाचोली या इटालियन गृहस्थाने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. हा गृहस्थ खरे म्हणजे गृहस्थ नव्हता, संन्यासी होता. त्यामुळे दुसरी नोंद प्रत्यक्षात कोण करते, याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आमच्या पुण्याला ती आहे. मी कर्वेनगरात राहतो. ज्यांच्या नावाचे हे नगर, त्या अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली आश्रम काढला आणि १९०० साली तो इथे, तेव्हाच्या हिंगण्याला, आणला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि कॉलेज सुटले की चिखल तुडवीत हिंगण्याची वाट धरायची. जे जवळ असेल ते आश्रमाला द्यायचे, इतके की आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली. १९१५ साली त्यांनी 'आत्मवृत्त' लिहिले. थोर पुस्तक आहे. पण त्याची दुसरी नोंद १९४४ साली झाली. बायांनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, 'माझे पुराण' लिहिले. पॉलिसी संस्थेला गेली तेव्हा ज्या बाईने पोरांकडे पाहिले असेल, तिचे हे पुस्तक. बाया काही संस्थेच्या विरुद्ध नव्हत्या. स्वतः संस्थेसाठी राबल्या. पण त्याग अण्णांच्या खाती जमा झाला, तेव्हा तो कोणाच्या तरी खाती नावे पडलाच असणार की नाही? एवढे साधे जर्नल आहे.

आणि हे एकच उदाहरण नव्हे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आलेली, सुनीताबाई देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० चे. थोर नवऱ्यांच्या वह्या मिटल्यावर किंवा मिटायच्या आधीच बायकोची वही उघडते, आणि वाचक तीच आधी वाचतात. नवऱ्याच्या वहीत संस्था उभी राहते. बायकोच्या वहीत त्या दिवशी घरात दूध होते की नव्हते ते कळते. माझ्यासारख्या लहान माणसाच्या बायकोला पुस्तक लिहावे लागत नाही. तिला समास पुरतो.

साहेबांच्या देशात सॅम्युएल पीप्स नावाचा एक कारकून होऊन गेला. आरमाराच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावरचा, पण कारकूनच. १६६० ते १६६९ त्याने रोजनिशी लिहिली, आणि दर ३१ डिसेंबरला तो माझ्यासारखाच प्रकृती, पैसा आणि घर यांचा आढावा घेई. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेतून जगला त्या तारखेला दरसाल मेजवानी देई. मला हा माणूस फार जवळचा वाटे. पण १६६३ च्या जानेवारीत त्याच्या बायकोने एक कागद त्याला वाचून दाखवला. आपले दिवस किती एकाकी आणि कंटाळवाणे जातात, हे तिने लिहून काढले होते. पीप्सने तो कागद फाडला. शिवाय तिचे इतर कागदही फाडले. आणि फाडल्याचे प्रामाणिकपणे रोजनिशीत लिहून ठेवले! आमच्या कागदाला मी हात लावला नाही. एक तर मागच्या बाजूला मुलीची बीजगणिताची उदाहरणे होती.

पण पेन्सिलीचे शेरे पाहून माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी खरे म्हणजे पंचवीस वर्षे बँकेत काढणाऱ्याच्या आधीच यायला हवी होती. बाहेरच्या माणसाला वाटते, बँकेत एवढ्या ठेवी आहेत म्हणजे बँक श्रीमंत. आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात की ठेव ही बँकेची मालमत्ता नव्हे, देणे आहे. ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूला बसते. माणसाने विश्वासाने आणून ठेवली आहे. मागेल तेव्हा परत द्यायची. मी त्या ४१ सुट्ट्या मालमत्तेत धरून बसलो होतो. त्या ठेवी होत्या. कोणी मागायला आले नाही, म्हणून काही त्या आमच्या होत नाहीत.

आता मागायला कोणी आले नव्हते, हेही खरे नाही. एकदा आले होते.

ऑगस्टमधला चौथा शनिवार. ही भाजीला गेली होती, मुलगी क्लासला. मी दार लोटून लेख लिहीत होतो. कुकरच्या शिट्ट्यांवर एक परिच्छेद छान जमत आला होता आणि शेवटचा शब्द सापडत नव्हता. बाहेरून आईची हाक आली, 'अरे, जरा येतोस का?' किंकाळी नाही, काही नाही. फळीवरचा डबा काढून हवा असला की ती ज्या आवाजात बोलावते, तोच आवाज. मी म्हटले, 'आलोच.'

'आलोच' या शब्दाविषयी व्याकरणकारांनी काही लिहिले आहे का, माहीत नाही. भूतकाळाचे रूप, भविष्यकाळाचा अर्थ आणि वर्तमानकाळात बूड हलत नाही, असा हा शब्द आहे. मी शब्द शोधत राहिलो. पुन्हा हाक आली नाही. किती वेळ गेला असेल? सात-आठ मिनिटे. घड्याळ पाहिले नव्हते. मी उठलो तो दाराची बेल वाजली म्हणून. गॅसवाला आला होता. त्याला दार उघडायला निघालो तेव्हा आई मोरीच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेली दिसली. पातळ पायांवर नीट ओढून घेतलेले होते. मला पाहून म्हणाली, 'झालं का लिहून?'

टोमणा नव्हता. ती खरेच विचारत होती.

गॅसवाल्याने सिलिंडर जिन्यातच ठेवला आणि आम्ही दोघांनी तिला खाटेवर नेले. पुढे खुब्याचे हाड, शस्त्रक्रिया, वॉकर. आणि तीन आठवड्यांनी 'खुब्याचे हाड आणि आम्ही'. त्या लेखात कर्वे रस्त्यावर अडकलेली अँब्युलन्स आहे, शेजाऱ्यांचे सल्ले आहेत, हाडवैद्य सुचवणारे काका आहेत. हाक नाही. बेल नाही. गॅसवाला नाही. कारण गॅसवाला आणला की बेल आणावी लागते, आणि बेल आणली की वाचक विचारणार, घरात कोण होते? विनोदी लेखक स्वतःवर हसतो म्हणतात. हसतो, पण निवडून. विसराळूपणा, ढेरी, बायकोचा धाक, ज्यांना खर्च पडत नाही अशा दोषांवर.

मी स्वतःची बाजू मांडून पाहिली आहे. डॉक्टर म्हणाले होते, हाड पडतानाच मोडले. आठ मिनिटांनी काही फरक पडला नसता. म्हणजे नुकसान शून्य. पण शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असाव्या लागतात. तपासनिसाला दोन्ही एकाच्या खिशात सापडल्या आणि रोकड मोजून पैसाही कमी नसला, तरी तो 'ठीक आहे' म्हणून जात नाही. त्याला रोकडीचे काही विचारायचेच नसते.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली असाच एक प्रश्न मांडला. पॉल गोगँ हा चित्रकार आधी शेअर दलालाकडे नोकरीला होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. चित्रांसाठी बायको आणि पाच मुले मागे राहिली आणि १८९१ साली तो ताहितीला गेला. विल्यम्सने या गोष्टीवरून बेतलेला एक गोगँ उभा केला आणि विचारले : चित्रे थोर निघाली म्हणून त्याचे जाणे क्षम्य ठरते का? आणि भिकार निघाली असती तर? निघताना तर त्याला ठाऊक नव्हते. म्हणजे माणूस बरोबर की चूक, हे नशिबावर ठरायचे! मी हे वाचले तेव्हा प्रथम सुटल्यासारखे वाटले. मी ताहितीला गेलो नव्हतो, पलीकडच्या खोलीत गेलो होतो. मग वाटले, गोगँकडे निदान दाखवायला चित्रे तरी होती. माझ्याकडे कुकरच्या शिट्ट्यांचा परिच्छेद आहे, आणि तोही संपादकांनी जागेअभावी गाळला.

दिवाळीत आईने अंक मागून घेतला. भिंग लावून दोन दुपारी वाचला. मी आसपास घोटाळत होतो. अंक मिटून म्हणाली, 'छान लिहिलंयस. गॅसवाल्याचं तेवढं राहिलं रे.'

'पुढच्या वेळी लिहीन,' मी म्हणालो. आणखी एक 'आलोच'.

बँकेत एक उचंत खाते असते. एखादी रक्कम आली आहे किंवा गेली आहे, पण नेमकी कोणत्या खाती टाकावी ते कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती उचंत खात्यात ठेवतात. तपासनिसांचा या खात्यावर डोळा असतो. जुनी नोंद दिसली की विचारतात, ही अजून इथे का? त्या आठ मिनिटांना मी कुटुंबात टाकून पाहिले, साहित्यात टाकून पाहिले. ऑगस्टपासून ती उचंतातच पडून आहेत. पेन्सिलीच्या ऑडिटातूनही ती सुटली, कारण बेल आणि हाक यांमधला वेळ मी हिला कधी सांगितलेला नाही. आता हा लेख छापून आला की कळेलच.

तर १ एप्रिलला चहा घेऊन झाल्यावर मला त्या दिवसाची नक्की तारीख हवीशी वाटली. आमच्या घरातले सगळे पुरावे आईच्या कॅलेंडरवर असतात. १९७३ साली 'कालनिर्णय' निघाले तेव्हापासून ती त्याच्या चौकटींत लिहीत आली आहे. दूध किती, इस्त्रीचे कपडे किती, गॅस केव्हा आला, कोण जेवायला होते. नवे कॅलेंडर जुन्यावरच टांगायचे, त्यामुळे खिळ्यावर सतत दोन वर्षे असतात. जुने काढले. ऑगस्ट उलगडला. चौथा शनिवार. अक्षर थोडे हललेले, बहुधा इस्पितळातून आल्यावर कधीतरी आठवून भरलेले :

'दूध १ लि. पडले. गॅस आला.'

मी ते दोनदा वाचले. आई वॉकर टेकत मागे येऊन उभी राहिली होती.

'काय बघतोस रे?'

'काही नाही. तारीख बघत होतो.'

तिने चष्मा सावरला, चौकटीवर बोट ठेवले आणि म्हणाली, 'त्याला वर वीस रुपये दिले होते मी तुझ्या आईस्क्रीमच्या डब्यातले. ते लिहायचे राहिलेत. पेन्सिल आण जरा.'

मी आणली.